बफेलोहून चार रिम: दारात पडेपर्यंतचा हिशोब

ऑक्टोबर उजाडला की ओळखीतल्या मंडळींचे फोन सुरू होतात. मी टोरोंटोजवळ मिसिसागात एका कस्टम्स ब्रोकरकडे, म्हणजे परदेशी माल सीमेवर सोडवून देणाऱ्याकडे, कागद तयार करायचं काम करते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे "अगं, तिकडे अमेरिकेत रिम किती स्वस्त दिसतायत, मागवू का?" हा प्रश्न मला कोजागिरीचं दूध हातात असतानाही विचारला जातो. मी उलट दोन प्रश्न विचारते. चाक बनलंय कुठे? आणि तुम्ही बॉर्डरपलीकडे किती तास राहणार आहात? बाकीचा हिशोब बहुतेक या दोन उत्तरांवरच ठरतो, दुकानाच्या पाटीवरच्या किमतीवर फारच थोडा.

मी कॅनडातल्या ऑंटारियो प्रांतातल्या लोकांसाठी लिहितेय, ज्यांना बॉर्डरपलीकडचं न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो जवळ पडतं. व्हँकुव्हरवाले ब्लेनला जातात, मॉन्ट्रियलवाले प्लॅट्सबर्गला. त्यांचे कराचे आकडे वेगळे, रीत तीच. नव्याने आलेल्यांसाठी एवढंच सांगते की क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. ऑंटारियोत सक्ती नाही, पण १ जानेवारी २०१६ पासून इथल्या विमा कंपन्यांना विंटर टायरवर सवलत द्यावी लागते. दर मोसमात एकाच रिमवरून टायर काढून दुसरे चढवायचे तर गॅरेजवाला प्रत्येक वेळी मजुरी आणि बॅलन्सिंगचे पैसे घेतो. विंटर टायर वेगळ्या रिमवर कायमचे बसवून ठेवले की नुसती चाकं बदलायची. म्हणून ही सगळी रिमची धावपळ.

आधी माप. चुकीची रिम बॉर्डर ओलांडून आली की परतीचा खर्च तुमच्या डोक्यावर, म्हणून हे पैशाच्याच हिशोबात धरा. होंडा सिव्हिकचा बोल्ट पॅटर्न (बोल्ट किती आणि ते किती मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर) ५ × ११४.३, टोयोटा कोरोलाचा ५ × १००. दोन्ही जपानी, दोन्ही तेवढ्याच आकाराच्या गाड्या, पण एकीचं चाक दुसरीला लागत नाही. पॅटर्न जुळला तरी मधलं भोक बघायचं असतं: सिव्हिकचं ६४.१ मिलिमीटर, कॅमरीचं ६०.१. बाजारातल्या रिमचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना चालते. गाडीच्या ज्या हबवर चाक बसतं तो आणि हे भोक यांच्यातली फट भरायला हब रिंग नावाची कडी लागते, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरतं. होंडाच्या मूळ नटांची बैठक गोल असते आणि बाहेरच्या रिमची बहुधा शंकूसारखी, म्हणजे नट नवे घ्यावे लागतात. टायरच्या हवेचा सेन्सर हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे. अमेरिकेत नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे, कॅनडात नाही. त्यामुळे तिकडचा दुकानदार रिमबरोबर सेन्सरही गळ्यात मारायला बघतो. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा चार महिने सहन होत असेल आणि हवा स्वतः तपासायची सवय असेल, तर ते पैसे वाचतात. माझा नवरा त्या दिव्याकडे बघतसुद्धा नाही, मला मात्र तो खुपतो, म्हणून आमच्या गाडीला सेन्सर आहेत.

आता मुद्द्याचं. दुकान अमेरिकेत आहे म्हणून चाक अमेरिकेचं होत नाही. अॅलॉय रिम पालथी करा. आऱ्यांच्या मागच्या बाजूला, रंगाचा हात नीट फिरलेला नसतो तिथे, ओतकामातच उठवलेली अक्षरं सापडतात: १६ × ६.५ जे असं माप, ईटी ४५ असा ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसेल तो आकडा), किती किलो भार पेलेल तो आकडा, बऱ्याचदा जेडब्ल्यूएल हे जपानी प्रमाणाचं चिन्ह आणि कुठेतरी देशाचं नाव. ते थायलंड असतं, चीन असतं, तैवान असतं, कधी मेक्सिको. माझे बाबा चिंचवडला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होते. कुठलाही भाग हातात आला की ते आधी तो उलटा करून बघत. माझी सवय तिथली.

अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोत बनलेली वस्तू वैयक्तिक वापरासाठी आणली तर तिघांतल्या व्यापार कराराखाली साधारणपणे ड्यूटी लागत नाही. वस्तूवर दुसऱ्या कुठल्या देशाचं नाव नसेल तरी सहसा तीच वागणूक मिळते. थायलंड किंवा चीन छापलेलं असेल तर मात्र नेहमीच्या दराने ड्यूटी. गाडीच्या रिमसाठी मी खाली हिशोबात ६ टक्के धरले आहेत. टायर चढवलेले असतील तर टायरचा दर वेगळा लागतो, म्हणून बिलावर रिम आणि टायर वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. घाऊक "व्हील पॅकेज, चार नग, एवढे डॉलर" अशी एकच ओळ असली की अधिकारी किंवा ब्रोकर आपल्या सोयीने फोड करतो, आणि ती सोय तुमची नसते.

२०२५ साली या साध्या नियमाची उलटापालट झाली. ४ मार्चपासून कॅनडाने अमेरिकेत बनलेल्या मालाच्या मोठ्या यादीवर २५ टक्के सरटॅक्स, म्हणजे जादा कर, लावला. एरवी "मेड इन यूएसए" दिसलं की आम्ही सुटकेचा श्वास टाकायचो. त्या काळात यादीतल्या मालाच्या बाबतीत तोच शिक्का महाग पडू लागला आणि थायलंडचा स्वस्त. १ सप्टेंबर २०२५ पासून यादीचा बराचसा भाग रद्द झाला, पण स्टील, अॅल्युमिनियम आणि वाहनांवरचे कर राहिले. म्हणून गेल्या वर्षी कुणीतरी काय भरलं हे विचारून उपयोग नाही. रिमचा टॅरिफ क्रमांक ८७०८.७० पासून सुरू होतो. तो घेऊन सीबीएसए या कॅनडाच्या सीमा खात्याच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याची स्थिती बघायची, मगच कार्ड काढायचं.

ड्यूटीवर येतो एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर, ऑंटारियोत १३ टक्के. तो वस्तूची कॅनडियन डॉलरमधली किंमत अधिक ड्यूटी, या बेरजेवर लागतो. इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती सहसा कुणी सांगत नाही: कॅनडात करासाठी किंमत धरताना अमेरिकेतल्या गोदामातून इथवर आणण्याचं भाडं वगळतात. पण ते बिलावर वेगळं दिसलं पाहिजे. "फ्री शिपिंग" म्हणून भाडं किमतीतच मुरवलेलं असेल, तर त्या भाड्यावरही तुम्ही ड्यूटी आणि एचएसटी भरता. दुकानदाराला एक ईमेल टाकून बिल फोडून मागायचं. बहुतेक जण देतात, त्यांचं काही जात नाही.

उलट बाजूची गोष्ट न्यूयॉर्कच्या सेल्स टॅक्सची. माल थेट कॅनडाला पाठवला तर दुकानदार तो लावत नाही. पण तुम्ही बफेलोत जाऊन दुकानातून उचलला, किंवा तिथल्या पार्सल ठेवणाऱ्या गाळ्यावर मागवला, तर बफेलो ज्यात येतं त्या एरी काउंटीचा ८.७५ टक्के कर पडतो. पर्यटकाला न्यूयॉर्क तो परत करत नाही. आणि परत न मिळणारा परदेशी कर इथे वस्तूच्या किमतीतच धरावा लागतो. म्हणजे न्यूयॉर्कच्या करावर कॅनडाची ड्यूटी आणि त्या दोन्हींवर एचएसटी.

भाड्याचं म्हणाल तर कुरिअर वजन बघतो त्याहून जास्त डबा बघतो. टायर नसलेली सोळा इंची अॅलॉय रिम आठ-नऊ किलोची, म्हणजे वीस पौंडांच्या आतबाहेर. तिचा डबा १८ × १८ × ९ इंच धरा. कुरिअरवाले या तिन्हींचा गुणाकार करून बहुतेक वेळा १३९ ने भागतात. येतात २१ पौंड, म्हणजे खरं वजन आणि डब्याचं वजन जवळपास सारखं. तीच रिम टायर चढवून २६ × २६ × ९ च्या डब्यात आली की भागाकार ४४ पौंडांवर जातो. आणि असे डबे चार. त्यामुळे टायर चढवलेली चाकं कुरिअरने मागवू नका असं मी सरळ सांगते. रिम तिकडून आणायचीच असेल तर आणा, टायर इथेच घ्या. वॉरंटीचं भांडणही मग मराठी-हिंदी कळणाऱ्या ब्रॅम्प्टनच्या दुकानात करता येतं.

चारही डबे एकाच वेबिलवर, म्हणजे कुरिअरच्या एकाच पावती-नंबरवर, पाठवायला सांगा. हे फार महत्त्वाचं. दुकानदाराने दोन डबे सोमवारी आणि दोन बुधवारी वेगवेगळ्या नंबरवर पाठवले, तर कुरिअरच्या लेखी त्या दोन आयाती होतात आणि ब्रोकरेज, म्हणजे कस्टम्सचे कागद करायची फी, दोनदा लागतं. माझ्या टेबलावर अशी बिलं येतात आणि त्या माणसाला फोनवर समजावताना माझाच जीव वर-खाली होतो. रस्त्याने येणाऱ्या स्वस्त सेवेत ब्रोकरेज बहुधा धरलेलं नसतं. महागड्या हवाई सेवेत पुष्कळदा ते आतच असतं. रिम हवाई सेवेने कोण मागवणार! म्हणजे लोक स्वस्त सेवा घेतात आणि दारात आलेला माणूस ड्यूटी, एचएसटी, ब्रोकरेज आणि "तुमच्या वतीने पैसे भरल्याची फी" असा चार ओळींचा कागद पुढे करतो. अशा खरेदीला ब्रोकरेज आणि ती फी मिळून ५० ते १०० डॉलर सहज जातात. ४० डॉलरच्या आत कर नाही आणि १५० डॉलरच्या आत ड्यूटी नाही, ही २०२० पासूनची कुरिअरची सूट रिमच्या कामाची नाही. ती टोपी-मोज्यांना ठीक.

ब्रोकरेज वाचवायचा रस्ता आहे. मी ज्या धंद्याचं खाते त्याच्याविरुद्ध सांगतेय, पण सांगते: वैयक्तिक वापराचा माल तुम्ही स्वतः सोडवू शकता. ट्रॅकिंग नंबर हाती आल्या आल्या कुरिअरला कळवा की मी स्वतः क्लिअर करणार, तुमचा ब्रोकर नको. त्यांनी कागद पुढे सरकवल्यावर कळवलंत तर "आता झालं" हेच उत्तर मिळतं. त्यांच्याकडून कार्गो कंट्रोल नंबर (कस्टम्ससाठीचा त्या पार्सलचा क्रमांक) असलेली सूचना घ्यायची. ती, दुकानाचं बिल आणि सरकारी ओळखपत्र घेऊन सीबीएसएच्या कार्यालयात जायचं. आमच्या बाजूच्या लोकांना पिअर्सन विमानतळाजवळ ब्रिटानिया रोडवरचं कार्यालय सोयीचं. खिडकीपलीकडचा माणूस विचारतो: काय आहे, कुठे बनलंय, वैयक्तिक का विकायला? रिमच्या पाठीचा फोटो दुकानदाराकडून आधीच मागवून फोनमध्ये ठेवा, कारण माल तुमच्या हातात नसतो आणि "कुठे बनलंय" याला "अमेरिकेतून आलंय" हे उत्तर चालत नाही. कार्डाने पैसे भरले की बी-१५ नावाचा कागद मिळतो. तो कुरिअरला दाखवला की माल सुटतो. यात अर्धा दिवस जातो. सुट्टी टाकावी लागत असेल तर सत्तर डॉलरसाठी ती टाकायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता एक पूर्ण हिशोब मांडते. चार रिम, प्रत्येकी १३० अमेरिकन डॉलर, एकूण ५२०. डॉलरचा दर १.३८ धरू. बहुतेक कॅनडियन कार्डं परकीय चलनावर वर अडीच टक्के घेतात, तेही धरू. तशीच रिम इथे १९० कॅनडियन डॉलरला मिळते असं समजा. चारचे ७६०, एचएसटीसकट ८५८.८०. हा आकडा लक्षात ठेवा.

घरपोच मागवली, भाडं १२० अमेरिकन डॉलर. रिम अधिक भाडं ६४० चे कार्डावर ९०५.२८ कॅनडियन झाले. इथेच इथल्या दुकानाचा आकडा मागे पडला. रिमची किंमत करासाठी ७१७.६०. थायलंडची असेल तर ड्यूटी ४३.०६, एचएसटी ९८.८९, ब्रोकरेज ७० धरू. बेरीज १,११७ च्या वर. मेक्सिकोची रिम असेल आणि तुम्ही स्वतः सोडवली, तर ९९८.५७. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

सकाळी बफेलोला जाऊन संध्याकाळी परत. ५२० वर ८.७५ टक्के कर, झाले ५६५.५०. कार्डावर ७९९.९० कॅनडियन. करासाठी किंमत ७८०.३९, कारण न्यूयॉर्कचा कर आत. थायलंडची रिम धरून ड्यूटी ४६.८२, एचएसटी १०७.५४. बेरीज ९५४.२६. वर पुलाचा टोल आणि जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आसपास पेट्रोल. एका दिवसाच्या फेरीला कॅनडा एक डॉलरचीही सूट देत नाही. लोकांना वाटतं "थोडंफार चालतं". कायद्यात नाही चालत.

तिसरा रस्ता खरा कामाचा. ४८ तास किंवा त्याहून जास्त कॅनडाबाहेर राहिलात तर माणशी ८०० कॅनडियन डॉलरची सूट आहे. कॅनडाचं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतं, लाँग वीकेंड, आणि विंटर टायरची वेळही तीच. आपल्यातल्या पुष्कळांचं कुणी ना कुणी न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास असतंच. तुमच्या मावसभावाच्या पत्त्यावर रिम आठवडाभर आधी मागवून ठेवा. न्यू जर्सीचा कर ६.६२५ टक्के, ५२० चे ५५४.४५. कॅनडियन ७६५.१४, म्हणजे ८०० च्या आत. कार्डावर ७८४.२७ आणि बॉर्डरवर शून्य. इथल्या ८५८.८० पुढे सत्तरेक डॉलर वाचले, आणि मावसभावाकडे तर तुम्ही जाणारच होतात. मुद्दाम रिमसाठी एवढ्या लांब गाडी हाकत जाणं म्हणजे वेडेपणा.

या सवलतीच्या कडा मात्र तीक्ष्ण आहेत. २४ ते ४८ तासांची सूट फक्त २०० डॉलर, आणि माल त्याहून एका डॉलरने जास्त झाला तर २०० सुद्धा वजा होत नाहीत, पूर्ण रकमेवर भरावं लागतं. ४८ तासांनंतर मात्र ८०० वजा होऊन उरलेल्यावर भरायचं. नवरा-बायकोची सूट एकत्र करता येत नाही. चार रिमचं बिल एकाच्या नावाचं असेल तर "दोन हिच्या, दोन माझ्या" ही मखलाशी करू नका. आणि त्याच फेरीत बाकी जे घेतलं, बाळाचे कपडे, मिक्सर, मेहुणीने दिलेली भेट, ते सगळं त्याच ८०० मध्ये बसवायचं असतं.

यावरून मी एक अंदाजाचा गुणाकार ठेवलाय. अमेरिकन डॉलरमधली चार रिमची किंमत घ्या. घरपोच कुरिअरला तिला दोन पूर्णांक पंधरा शतांशने गुणा, एका दिवसात उचलून आणायला एक पूर्णांक पंच्याऐंशी शतांशने, आणि ४८ तासांच्या मुक्कामाला दीडने. येणारा आकडा इथल्या करासहित किमतीशी ताडून बघा. दर बदलला की गुणक हलतो, पण "मागवू का" याचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं.

अजून एक खर्च, जो भारतीय पासपोर्टवाल्या पीआर (कायम रहिवासी) मंडळींना ऐन वेळी आठवतो. कॅनडाचं पीआर कार्ड खिशात असलं तरी अमेरिकेत शिरायला व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसाचा अर्ज १८५ अमेरिकन डॉलर, आणि जमिनीवरून शिरताना आय-९४ या प्रवेश नोंदीचे ३० डॉलर वेगळे. व्हिसा आधीच असेल तर प्रश्न नाही. नसेल तर रिमचा विषय तिथेच मिटला. नागरिकत्व असलेल्या मित्राला पाठवून आणवायचं तर तो स्वतःच्या ८०० च्या सवलतीत तुमचा माल दाखवू शकत नाही. सूट त्याच्या वैयक्तिक वापराच्या मालाला किंवा भेटीला आहे, दुसऱ्यासाठी आणलेल्या खरेदीला नाही.

दरवर्षी कुणीतरी एक युक्ती सांगतो: तिकडेच रिम गाडीला बसवायची, थोडा चिखल लावायचा आणि "काही घेतलं नाही" म्हणत यायचं. गाडीत परदेशात बसवलेला भाग जाहीर करावाच लागतो. प्रवासात टायर फुटून तातडीची दुरुस्ती करावी लागली असेल तर तिला सवलत मिळते, त्याचं बिल दाखवायचं. चिखल लावलेल्या कोऱ्या करकरीत रिमला नाही. पकडलं तर माल जप्त, आणि सोडवायला किमतीच्या २५ ते ७० टक्के दंड. ज्या गाडीला ती चाकं आहेत ती गाडीसुद्धा अडकू शकते. बॉर्डर झटपट ओलांडायचं नेक्सस कार्ड असेल तर ते जातं. एचएसटीचे शंभर डॉलर वाचवायला एवढं डोक्यावर घ्यायचं? आणि नाव नोंदलं गेलं की पुढच्या प्रत्येक फेरीला बाजूला घेऊन डिकी उघडायला लावतात, आईबाबा भारतातून आलेले असताना सुद्धा.

जुन्या रिमचं गणित वेगळं आणि बहुतेकांना उलटं वाटणारं. किजिजी या जाहिरातींच्या संकेतस्थळावर ब्रॅम्प्टनच्या एखाद्या माणसाकडून वापरलेल्या रिम घेतल्या तर त्या खाजगी व्यवहारावर एचएसटी नाही. त्याच रिम नायगरा फॉल्सच्या पलीकडच्या माणसाकडून घेतल्या तर जुन्या असल्या तरी बॉर्डरवर १३ टक्के. रोख दिले आणि पावती नाही, तर किंमत अधिकारी ठरवतो. म्हणजे वापरलेल्या रिमसाठी पूल ओलांडायचं कारण फार क्वचित असतं. टायरसकट जुना सेट घ्यायचाच असेल तर टायरच्या अंगावर डॉट नावाने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. अशा टायरला मी फुकटही हात लावत नाही.

माझा पुण्याचा भाचा जपानहून रिम मागवायचं म्हणत होता. त्याला सांगितलं, तिथला पाया वेगळा आहे. भारतात करासाठी किंमत धरताना भाडं आणि विमासुद्धा आत घेतात, त्यामुळे चार जड डब्यांचं हवाई भाडंच कराचा आकडा फुगवतं. वर मूळ सीमाशुल्क, आणि मग त्या सगळ्यावर आयजीएसटी. गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला, एवढाच काय तो दिलासा. चीन, दक्षिण कोरिया आणि थायलंडच्या ओतीव अॅल्युमिनियम चाकांवर भारताने अनेक वर्षं अँटी-डम्पिंग ड्यूटीही (पडत्या भावाने आलेल्या परदेशी मालावरचा कर) लावली होती. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात राहून चाकं बाहेरून मागवायची हौस असेल तर असो.

शेवटी परतीचं. माप चुकलं किंवा रिम वाकडी निघाली, तर परत पाठवायचं भाडं बहुधा तुमचं, आणि माल उलट दिशेने अमेरिकेत शिरतो. ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला अमेरिकेत जी मोकळीक होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्यामुळे परतीच्या डब्यालाही तिकडे कागद आणि प्रसंगी कर लागतो. दुकानदाराकडून आरएमए (माल परत घ्यायच्या मंजुरीचा) क्रमांक घेतल्याशिवाय काही पाठवू नका. इथे भरलेली ड्यूटी आणि एचएसटी परत मागता येतात, पण माल देशाबाहेर गेल्याचा पुरावा आणि मूळ पावती जोडावी लागते, म्हणून बी-१५ किंवा कुरिअरची कराची पावती रिम वापरात येईपर्यंत टाकू नका. डबे आल्यावर लगेच टायरवाल्याकडे धावू नका. गाडी जॅकवर घ्या, रिकामी रिम पुढच्या हबवर चढवा, नट हाताने बसवा आणि चाक सावकाश फिरवून ब्रेकच्या कॅलिपरला कुठे घासत नाही ना ते बघा. मग मागच्या बाजूला तेच. टायर एकदा चढला की तीच रिम बहुतेक दुकानं परत घेत नाहीत.